राष्ट्रगीत : मुखी आणि मनी

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांचा दिवस राष्ट्रगीताने सुरू होतो. धडगावच्या डोंगरातील आश्रमशाळा असो वा नंदुरबार शहरातील मोठे विद्यालय असो, सकाळी मुले रांगेत उभी राहतात, ‘सावधान’ची आज्ञा होते आणि एका सुरात गीत सुरू होते. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाने हे गीत दोन हजारांहून अधिक वेळा तरी म्हटलेले असते. मात्र त्याच मुलाला या गीतातील ‘उत्कल’ म्हणजे कोणता प्रदेश किंवा ‘जलधि’ म्हणजे काय असे विचारले, तर अनेकदा उत्तर मिळत नाही. दोष मुलाचा नाही. गीत त्याच्या मुखी बसविण्याचे काम आपण चोख केले. ते त्याच्या मनी उतरविण्याचे काम मात्र पुष्कळसे राहून गेले आहे. याच विषयाचा आज आपणांसमोर विचार मांडावयाचा आहे.

राष्ट्रगीताचा शिष्टाचार शिकविणे आवश्यकच आहे. परंतु इतिहासावाचून शिकविलेला शिष्टाचार ही केवळ कवायत ठरते. आपण का उभे राहतो हे ज्याला कळले, त्याला कसे उभे राहावे हे वारंवार सांगावे लागत नाही.

नंदुरबारचा वारसा

हा विषय शिकविण्यास नंदुरबारइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. दि. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच राष्ट्रीय नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, दि. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील या गावात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म दि. २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आजच्या हिशेबाने तो दहावीच्या वर्गात बसला असता. त्याच्या हाती तिरंगा होता आणि तो त्याने अखेरपर्यंत खाली ठेवला नाही, ही आठवण गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

ही पाच नावे वर्गात सावकाश वाचून दाखवावीत. गुजराती आणि मराठी घरांतील मुले एकाच मिरवणुकीत, एकाच ध्वजामागे चालत होती, हे त्या आडनावांवरूनच ध्यानात येते. त्यानंतर मुलांना एक प्रश्न विचारावा : या पाच जणांच्या काळी भारताचे राष्ट्रगीत कोणते होते? याचे उत्तर असे की, त्या दिवशी आपल्या देशाला अधिकृत राष्ट्रगीतच नव्हते. आजचे अशोकचक्रांकित निशाणही नव्हते. त्या वेळच्या तिरंग्यावर चरखा होता. संविधान सभेने आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला तो दि. २२ जुलै १९४७ रोजी आणि राष्ट्रगीताची घोषणा झाली ती त्यानंतर अडीच वर्षांनी. जे आपणांस रोज सकाळी सहज लाभते, ते त्या मुलांना लाभले नव्हते. हा विचार एकदा मुलांच्या मनात रुजला, म्हणजे रांगेतील चुळबूळ कमी करण्यास छडीची गरज उरत नाही.

आणखी एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. नंदुरबारच्या गोळीबारानंतर दोनच दिवसांनी, दि. ११ सप्टेंबर १९४२ रोजी, जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत एका समारंभात ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर भारताचे राष्ट्रगीत म्हणून वाजविण्यात आले. एकीकडे तापीच्या खोऱ्यातील शाळकरी मुले आणि दुसरीकडे हजारो मैल दूर असलेले नेताजी. एकमेकांची वार्ताही नसलेली ही माणसे एकाच आठवड्यात एकाच ध्येयासाठी उभी होती. असा एक प्रसंग मुलांना सनावळ्यांच्या लांबलचक यादीपेक्षा अधिक काही शिकवून जाईल.

गीताची वाटचाल

‘जन गण मन’ हे गुरुदेव रवींद्रनाथ ठाकूर यांचे गीत. ते संस्कृतप्रचुर बंगाली भाषेत आहे. मूळ गीताची कडवी पाच असून त्यांतील केवळ पहिले कडवे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारण्यात आले आहे. दि. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात ते प्रथम गायिले गेले आणि पुढील महिन्यात ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त प्रसिद्ध झाले. सन १९१९ मध्ये रवींद्रनाथांचा मुक्काम आंध्रातील मदनपल्ली येथील महाविद्यालयात होता. तेथे त्यांनी गीताचा इंग्रजी अनुवाद केला आणि संगीतज्ञ मार्गारेट कझिन्स यांनी त्याची चाल स्वरलिपीत उतरवून घेतली.

वरच्या वर्गांतील चौकस मुले एक शंका हमखास विचारतात. हे गीत पंचम जॉर्ज बादशहाच्या स्तुतीसाठी लिहिले गेले होते काय? प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. त्याला उत्तर द्यावे. सन १९११ च्या त्या अधिवेशनाच्या वेळी बादशहा भारतात आलेला होता. अधिवेशनात त्याच दिवशी बादशहाच्या स्वागताचे एक वेगळे हिंदी गीतही म्हटले गेले. काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्ही गीतांची गल्लत केली आणि तेथून हा समज पसरला. स्वतः रवींद्रनाथांनी सन १९३७ मध्ये एका पत्राद्वारे त्याचा स्पष्ट इन्कार केला. युगानुयुगे मानवाचा रथ हाकणारा जो भाग्यविधाता, त्यालाच आपण उद्देशिले होते; तो कोणी राजा असणे शक्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, सन १९१९ मध्ये, याच कवीने ‘सर’ हा किताब सरकारला परत केला होता, हेही त्या मुलाला सांगावे. विचारलेल्या शंकेचे निरसन झाले, तर त्याची श्रद्धा ढळत नाही. उलट ती अधिक दृढ होते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा राष्ट्रगीताचा निर्णय झालेला नव्हता. ‘वंदे मातरम्’ आणि ‘जन गण मन’ या दोन्ही गीतांना जनमनात मानाचे स्थान होते. बंकिमचंद्रांच्या ‘वंदे मातरम्’साठी आपल्या महाराष्ट्रातील मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी मोठा प्रयत्न केला. ते गीत समूहाला गाता येते आणि बँडवरही वाजविता येते, हे त्यांनी चाली बांधून राष्ट्रनेत्यांना दाखवून दिले. इकडे सन १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका देण्यात आली. वाद्यवृंदाने ते वाजविले आणि परदेशी प्रतिनिधींना ती चाल फार आवडली, असे पंडित नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले. अखेर दि. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संविधान सभेत घोषणा केली : ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील. दोनच दिवसांनी देश प्रजासत्ताक झाला.

अर्थ घरच्या भाषेत

आता मुख्य प्रश्न असा की, ही सर्व माहिती आपल्या जिल्ह्यातील मुलांपर्यंत न्यावी कशी? नंदुरबारच्या मुलांची घरची भाषा एक नाही. अक्राणी तालुक्यात पावरी, नवापूरकडे मावची, इतरत्र भिलीच्या नाना बोली, गावांतून अहिराणी, शहरात गुजराती आणि मराठी असा हा भाषांचा मेळा आहे. लहान वर्गातील कित्येक मुलांना पुस्तकातील मराठीदेखील नवखी असते. त्यांना राष्ट्रगीतातील शब्द कठीण वाटावेत यात नवल नाही. ‘जलधि’चा ‘जलदी’ होतो, ‘उच्छल’ शब्द तर मुलागणिक बदलतो.

परंतु या अडचणीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. राष्ट्रगीताची भाषा पावरी बोलणाऱ्या मुलाला जितकी परकी, जवळजवळ तितकीच ती मराठी बोलणाऱ्या मुलालाही आहे. या एका पाठापुरती तरी सर्व मुले एकाच रेषेवरून निघतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. तेव्हा नियम असा ठेवावा की, गीत गावयाचे ते मूळ शब्दांत आणि शुद्ध उच्चारांत. अर्थ मात्र सांगावयाचा तो मुलाच्या घरच्या भाषेत. गुरुजींना ती बोली येत नसेल, तर वरच्या वर्गातील एखाद्या मुलीला पुढे बोलवावे, किंवा गावातील जाणत्या आजोबांना शाळेत आणावे. ‘समुद्राच्या उसळत्या लाटा’ याला आपल्या बोलीत काय म्हणतात, हे शोधताना मुलांना तो शब्द कायमचा लक्षात राहील.

नकाशाचा उपयोग अवश्य करावा. हे गीत म्हणजे देशाच्या भूगोलाचा एक पाठच आहे. आपल्या अक्राणीच्या उत्तरेस नर्मदा वाहते आणि नर्मदेच्या पलीकडे विंध्य आहे. गीतातील हा पर्वत त्या मुलांना नकाशावर आपल्या गावाशेजारीच सापडेल. गीतात ‘गुजरात’ आणि ‘मराठा’ ही नावे लागोपाठ येतात. नवापूरच्या मुलाला त्याचा अर्थ सांगावयास फार दूर जावे लागत नाही. त्याच्या गावचे रेल्वे स्थानक काही महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे. फलाटावरून चालता चालता राज्य बदलते, देश बदलत नाही. मुले असेही विचारतील की, गीतात गंगा-यमुना आहेत, मग आपली तापी आणि नर्मदा का नाहीत? सातपुडा का नाही? हा प्रश्न चांगला आहे. गीतातील नावे ही यादी नव्हे, ती खूण आहे. एका नदीच्या नावात सगळ्या नद्या आल्या, हे त्यांना समजावून सांगावे.

‘सिंध’ हा प्रांत सन १९४७ नंतर आपल्या देशात नाही, मग त्याचे नाव गीतात कसे, अशीही पृच्छा होते. हा शब्द वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती आणि सन २००५ मध्ये ती फेटाळण्यात आली. राष्ट्रगीत ही सीमांची नोंदवही नव्हे. सिंधमधून आलेले लाखो बांधव आणि त्यांची संस्कृती या देशाचाच भाग आहेत, एवढे उत्तर मुलांना पुरेसे आहे.

यासाठी वेगळी तासिका मागण्याचे कारण नाही. परिपाठातील पाच मिनिटे एक आठवडा दिली तरी भागते. सोमवारी कठीण शब्द फळ्यावर लिहून उच्चार करून घ्यावेत. मंगळवारी त्यांचा अर्थ घरच्या भाषेत सांगावा. बुधवारी नकाशा लावावा. गुरुवारी गीताची वाटचाल सांगावी. शुक्रवारी नंदुरबारच्या पाच हुतात्म्यांची कथा सांगावी. शनिवारी सर्वांनी मिळून घड्याळ लावून गीत म्हणावे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताच असा एक आठवडा प्रत्येक शाळेने पाळण्याजोगा आहे.

शिष्टाचार : नियम आणि विवेक

शिष्टाचाराचे नियम थोडे व सोपे आहेत. पूर्ण राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागतात. पहिली व शेवटची ओळ मिळून होणारी संक्षिप्त आवृत्ती सुमारे २० सेकंदांची असून ती ठराविक प्रसंगीच वाजविली जाते; शाळेत व ग्रामपंचायतीत पूर्ण गीतच म्हणावयाचे असते. पुष्कळ ठिकाणी सूर लांबवीत नेल्याने गीत सव्वा मिनिटापर्यंत जाते, तर काही ठिकाणी घाईने उरकले जाते. शनिवारच्या सरावात घड्याळ हवे ते यासाठीच. गीत चालू असताना सर्वांनी सावधान स्थितीत उभे राहावे. चालू नये, बोलू नये, मध्येच घोषणा देऊ नयेत; घोषणा द्यावयाच्या त्या गीत संपल्यावर. चित्रपटात वार्तापट वा माहितीपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत आले, तर मात्र प्रेक्षकांनी उभे राहण्याची अपेक्षा नाही, असेही केंद्र शासनाच्या आदेशात म्हटले आहे.

याच आदेशात समूहगानावर भर दिलेला आहे. ध्वनिक्षेपकावर मुद्रित गीत लावून मुलांना मुकाट उभे करण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडत चालली आहे, ती या दृष्टीने इष्ट नाही. यंत्र बिघडले की गीतही थांबते. मुलांचा कच्चा सूर हा त्या मुद्रिकेपेक्षा केव्हाही श्रेष्ठ आहे, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. दि. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट रोजी गावाच्या झेंड्यापुढे मुले रांगेत उभी असतात आणि वडीलधारी मंडळी मागे उभी राहून गप्पा करतात, असे दृश्य काही गावांतून दिसते. मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात. त्या ५२ सेकंदांत सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मुलांबरोबर गाताना दिसले, तर शाळेने वर्षभर शिकविलेल्या पाठावर शिक्कामोर्तब होईल. दि. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले आहे. तेही अभिमानाने म्हणावे. मात्र राष्ट्रगीताचा मान अग्रक्रमाचा, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

आता विवेकाविषयी. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा सन १९७१ चा कायदा सर्वांना ऐकून माहीत असतो, परंतु तो वाचलेला क्वचित असतो. राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अटकाव करणे किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे, हा त्या कायद्याखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उच्चार चुकलेल्या किंवा शब्द विसरलेल्या मुलाला उद्देशून हा कायदा केलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे. सन १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समाविष्ट झाले.

या कर्तव्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने सन १९८६ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केला आहे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरविली. आदराने उभे राहणे हाही सन्मानच आहे आणि कोणालाही गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्रत्येक मुख्याध्यापकाने हा निर्णय ध्यानात ठेवावा. आदर आणि सक्ती यांतील सीमा न्यायालयाने आपल्यासाठी आखून दिली आहे.

आपल्या जिल्ह्यात हा विवेक विशेष महत्त्वाचा आहे. येथील शाळांतून सिकलसेलचा आजार असलेली मुले आहेत. रक्तक्षयाने अशक्त झालेल्या मुली आहेत. काही मुले दूरच्या पाड्यांवरून डोंगर उतरून आलेली असतात. अशा मुलाचे सांधे दुखत असतील आणि तो रांगेत खाली बसला, तर तो राष्ट्रगीताचा अवमान नव्हे. ज्यांना शरीराने उभे राहणे शक्य नाही, अशा दिव्यांग व्यक्तींनी आपल्या जागी शक्य तितक्या सावध राहावे, एवढीच अपेक्षा शासनाच्या सूचनांतही आहे. त्या मुलाला उन्हातून सावलीत न्यावे, पाणी द्यावे आणि बसल्या जागी गाऊ द्यावे. त्याला सर्वांसमक्ष दरडावले, तर पुढे आयुष्यभर ते सूर कानी पडताच त्याला तो अपमानच आठवेल. ज्या गीतात सर्व प्रांतांना आणि सर्व माणसांना जागा आहे, त्याच्या नावाने एका आजारी मुलाला बाहेर उभे करणे यापरता दुसरा विपर्यास नाही.

मित्रहो, शिष्टाचार शिकविताना शिक्षकाच्या हाती दोन साधने असतात : धाक आणि समज. धाकाने रांग सरळ होते, परंतु तिचा प्रभाव शाळेच्या फाटकापर्यंतच टिकतो. समज मुलाबरोबर घरी जाते आणि पुढे त्याच्याबरोबर गावाच्या चावडीवर, कचेरीत, सैन्यात, जेथे तो जाईल तेथे जाते. सन १९४२ मध्ये या गावच्या विद्यार्थ्यांना रांगेत उभे राहण्याची आज्ञा कोणी केली नव्हती.

येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या जिल्ह्यातील सहाही तालुक्यांतील प्रत्येक शाळेने पहिला आठवडा या पाठासाठी द्यावा, प्रत्येक ग्रामपंचायतीने ध्वजवंदनाच्या दिवशी गावकऱ्यांसह समूहगान करावे आणि वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाला राष्ट्रगीतातील प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत सांगता यावा, एवढा संकल्प आज आपण करावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!